आत्याच्या डब्यातला कांदा

माझी आत्या कुसुम कापगते हिच्यावर अन्याय झाला तो पाच वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला, भिलाईतल्या एका खासगी दवाखान्याच्या तपासणीखोलीत, खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकासमोर ती उभी असताना. उभीच. सत्तावीस वर्षं तिनं त्या खोलीत काम केलं, पण तिच्या नावाची खुर्ची तिथे कधी नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते. स्मृतिलेखात म्हणे आधी स्वभाव सांगायचा, मग आठवणी, मग डोळे पुसायचे. मला सवय पत्रकांची. पत्रकाच्या पहिल्या ओळीत कुणाचं काय झालं ते सांगितलं नाही, तर लोक त्याची पुडी करून चणे खातात.

आत्या जाऊन आता सहा आठवडे झाले. दुर्गच्या इस्पितळात तिची शेवटची भेट झाली तेव्हा पाय सुजून खांबासारखे झाले होते, डोळे पिवळट, पोट टम्म. हृदय दमलं होतं. मी पलंगाच्या कडेला बसले तर तिनं माझा हात उचलून स्वतःच्या उजव्या बरगडीखाली ठेवला आणि म्हणाली, "पाय पोरी, लागते का टणक? माह्यं जायफळ झालं." आमच्या बोलीत पाय म्हणजे पाहा. शेजारच्या पलंगावरच्या बाईला वाटलं म्हातारी बडबडते. मला कळलं. हृदय थकलं की रक्त यकृतात तुंबतं, आणि असं यकृत कापलं तर आत तांबड्या-पिवळ्या नक्षीचं, थेट फोडलेल्या जायफळासारखं दिसतं. पुस्तकातसुद्धा त्याला जायफळ-यकृतच म्हणतात. माझी आत्या स्वतःच्या मरणाचं निदान वाण्याच्या भाषेत करून मोकळी झाली होती. मग म्हणाली, "माह्या डबा घेऊन ये तिथून. हळद पाय. हळदीच्या खाली पाय." मी हो हो केलं. आजारी माणसाला आपण सगळेच हो हो करतो... आणि त्या हो हो मध्ये किती तुच्छता असते ते नंतर कळतं.

तो डबा म्हणजे स्टीलचा गोल मसाल्याचा डबा, सात वाट्यांचा. घरोघरी असतो तसाच. फक्त हा स्वयंपाकघरात नव्हता, तपासणीखोलीच्या खिडकीत होता. आत्याचं काम मदतनिसाचं. ऑपरेशनमध्ये काढलेले मांसाचे तुकडे औषधी पाण्याच्या बाटल्यांतून यायचे. ते धुवायचे, मेणात बसवून त्याच्या वड्या पाडायच्या, वडीवरून कागदाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर घ्यायचे, गुलाबी-जांभळे रंगवायचे. मग डॉक्टर ते बघणार. आत्या दहावी. पण तिथे आधी एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांची रीत निराळी होती. ते काच बघून झाली की म्हणत, "कुसुम, ये, तूही बघ. तू कापलंस ते काय होतं ते तुला कळायला नको?" त्यांनीच तिला सांगितलं की या विद्येतली अर्धी नावं स्वयंपाकघरातली आहेत. पानथरी, म्हणजे प्लीहा, साबुदाण्यासारखी होते. सबंध फुफ्फुसात पसरलेला क्षय बाजरी विखुरल्यासारखा दिसतो. क्षयाच्या गाठीच्या मध्यभागी चुरलेलं पनीर असतं. आणि वर्षानुवर्षं दगडाची धूळ श्वासात गेलेल्या माणसाची गाठ कापली की आडव्या चिरलेल्या कांद्यासारखी वेटोळ्यावर वेटोळं. एक्स-रेमध्ये त्याच गाठींच्या कडेला कधीकधी अंड्याच्या टरफलासारखी पांढरी रेघ.

आत्यानं हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली. एका वाटीत फोडलेलं जायफळ, एकीत साबुदाणा, एकीत बाजरी, एकीत अंड्याचं टरफल, एकीत कांद्याची वाळवलेली चकती, एकीत कॉफीच्या बिया, कारण एका जातीच्या गाठीतल्या पेशी तशाच मधोमध चीर पडलेल्या दिसतात. मधल्या वाटीत हळद, कारण "एक वाटी तर मसाल्याची पायजे ना बाप्पा, नाहीतर डब्याले काय वाटन!" पनीर टिकत नाही म्हणून ते ज्या दिवशी लागे त्या दिवशी आणायची. नवीन आलेल्या तंत्रज्ञ मुली घाबरलेल्या असत, लॅटिन नावं पाठ करून करून रडकुंडीला आलेल्या. आत्या त्यांना काच दाखवायची आणि वाटी पुढे करायची. "हे पाय, अन् हे पाय. आता सांग कोणतं हाये." कूर्चा म्हणजे ओल्या नारळाची मलई. चरबी म्हणजे मधमाश्या उडून गेलेलं पोळं. स्नायू म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी. धड असलेलं फुफ्फुस म्हणजे धिरडं, भोकं भोकं, हलकं. मुली हसायच्या आणि पास व्हायच्या. त्यातल्या कितीजणी आज भिलाईतल्या तपासणीखोल्या चालवतात, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आमच्या वैशाली नगरच्या एका काकांना मात्र आत्याचं हे ज्ञान वेगळ्याच कामासाठी हवं होतं. ते समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी फुलांच्या चित्रासह पाठवायचे: अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून अक्रोडानं मेंदू वाढतो, राजमा मूत्रपिंडासारखा म्हणून राजम्यानं मूत्रपिंड सुधारतं, देवानं खूण करून ठेवली आहे. एका लग्नात त्यांनी आत्याला गाठलं. "कुसुमबाई, तुम्ही तर यातल्या. खरं आहे ना हे?" आत्या जेवत होती. घास गिळून म्हणाली, "भाऊजी, यकृत जायफळासारखं दिसते तवा तो माणूस मराले टेकला असते. त्याले जायफळ खाऊ घालता का? दिसणं म्हंजे औषध नाही. दिसणं म्हंजे खूण हाये. खूण पाहून मंग अक्कल लावा लागते." पंगत हसली. काका हसले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अक्रोड आला. अशा माणसांबद्दल माझं मत मी इथे लिहिणार नाही, जागा थोडी आहे.

आता माझ्या बाबांबद्दल. शालिकराम कापगते, आत्याचा धाकटा भाऊ. भंडाऱ्याकडची धानाची शेती तीन भावांत वाटून उरली तेवढी सोडून दोघं भावंडं इकडे आली. आत्यानं लग्न केलं नाही, जुनवानीला आमच्याच घरात राहिली. बाबांना इथल्या पोलाद कारखान्यात कायम नोकरी मिळाली नाही. ते एका ठेकेदाराच्या शेडमध्ये लागले, जिथे पांढरा दगड दळून भट्टीला आतून लावायच्या विटा बनत. सोळा वर्षं दळण दळलं. संध्याकाळी घरी यायचे ते पीठगिरणीतून आल्यासारखे, पापण्यांवर मैदा. मी लहान असताना त्यांच्या भुवया फुंकून उडवायचे आणि आम्ही दोघं हसायचो. त्या आठवणीवर मी आज थुंकते, पण ती जात नाही... मैद्यासारखं दिसत होतं. मैदा नव्हता.

खोकला आला. तपासण्या झाल्या. क्षय. गोळ्या सुरू, सहा महिने. खोकला तसाच. पुन्हा क्षय, पुन्हा गोळ्या. तिसऱ्यांदाही क्षयच, थुंकीत एकदाही जंतू सापडला नव्हता तरी. घरात बाबांचं ताट वेगळं झालं. त्यावर आईनं खिळ्यानं फुली कोरली, चुकून मिसळू नये म्हणून. बाबा ते ताट स्वतःच घासून वेगळ्या फळीवर ठेवू लागले. कुणी सांगायची गरज उरली नव्हती. माझ्या मावसबहिणीच्या बाळाच्या बारशाला सगळे पंगतीत आणि बाबा ओसरीच्या टोकाला, पत्रावळ मांडीवर घेऊन.

आणि मग तो मंगळवार. बाबांच्या गळ्याच्या हाडामागची एक गाठ काढून तपासणीला पाठवली होती. बाटली आत्याच्याच हातात आली. नाव वाचून तिनं काय केलं? तेच, जे इतकी वर्षं केलं. धुतलं, मेणात बसवलं, कापलं, रंगवलं. म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले होते, नवे साहेब आले होते. साहेबांनी काच लावली, पाहिली, आणि माझ्या आत्याच्या अंदाजानं चहा निवायला जेवढा वेळ लागतो त्याच्याही आधी सांगून टाकलं: क्षय. टंकलेखनाला दिलं. ते बाहेर फोनवर बोलायला गेले तेव्हा आत्यानं काचेला डोळा लावला. परत आले तेव्हा ती तिथेच उभी होती.

"साहब, एक बार फिर देख लीजिए. पनीर नहीं है. प्याज दिख रहा है."

साहेबांनी आधी खोलीतल्या दोन मुलींकडे पाहिलं. प्रेक्षक आहेत याची खात्री करून घेतात ना, तसं. मग म्हणाले, "कुसुम, तुम्हारा किराना यहाँ खुल गया क्या? आलू भी है?" मुली हसल्या. हसावंच लागतं, त्यांच्या हजेरीवर सही साहेबांचीच. आत्या म्हणाली, "मेरा भाई है साहब. पत्थर पीसता है." आणि तेव्हा त्या माणसानं, ज्याच्या भिंतीवर तीन पदव्या चौकटीत लटकतात, ते वाक्य म्हटलं जे मी सूड म्हणून इथे जसंच्या तसं देते: "तो घर जाकर उसको प्याज खिलाओ. स्लाइड हम देखेंगे, तुम पोछा देखो."

तिनं पोछा मारला. त्याच दिवशी, त्याच खोलीत. मुद्दाम सांगते, कारण वाचणाऱ्यांना आवडतं की अपमान झालेला माणूस ताडकन निघून जातो. ज्यांच्या घरी एकाचा श्वास आणि दुसऱ्याची नोकरी एवढंच शिल्लक असतं, ते ताडकन कुठेही जात नाहीत.

साहेब चुकले असतील, चुका होतात. पण चूक एकाच दिशेनं का झुकते, हे विचारायला मला पदवी लागत नाही. क्षय लिहिलं की दोष गरिबीचा, वस्तीचा, दाटीवाटीचा, रोग्याच्या विडीचा. धूळ लिहिलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: धूळ कुणाची? हा प्रश्न कुणाला नको होता म्हणून ती काच चहा निवायच्या आत बघून झाली.

घरी येऊन आत्यानं कुणाला काही सांगितलं नाही; मला हे सगळं तिनं बाबा गेल्यावर सांगितलं. पण त्या आठवड्यात पोळा होता. बैल नाहीत आमच्याकडे, मातीचे आणतो आणि पुरणपोळी करतो. आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि बाबांसमोर बसली.

"सरक थोडा. तुह्या ताटात जागा कर."

बाबा घाबरले. "बाई, काय करून राहिली तू? दूर बस."

"कावून दूर बसू? भूक लागली मले."

"अवो, माह्या रोग..."

"तुह्या रोग मले ठाऊक हाये." आणि बाबांनी अर्धी तोडलेली पोळी उचलून, त्यांच्याच वाटीतल्या तुपात बुडवून तिनं खाल्ली. आई दारात उभी राहून "अगंबाई" म्हणाली. आत्या तिच्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, क्षय असता तरी ताटानं होत नाही. हवेनं होते. एवढं तर दवाखान्याच्या भिंतीवर चित्र काढून लिवलं हाये. अन् हा क्षय नाही." फुलीचं ताट त्या दिवसापासून तिचं आणि बाबांचं. बाबा एक वर्ष जगले. ते वर्ष ते एकटे जेवले नाहीत.

बाबा गेल्यावर मी ज्या संघटनेत काम करते तिथे पत्रक काढायचं ठरवलं. मथळासुद्धा लिहिला होता, मोठ्या अक्षरांत. आत्यानं तो कागद वाचला, घडी केली आणि माझ्या हातात परत दिला. "नको छापू." मी भडकले. तुला नोकरीची भीती, साहेबाची भीती, असं बरंच बोलले. नोकरीची भीती होतीच तिला, तिनं नाकारली नाही. पण तेवढंच नव्हतं. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरी, मले कांदा दिसला, का कांदा दिसावा वाटला? भाऊ हाये माह्या. बहिणीचा डोळा हाये हा. दुसऱ्या कोणाच्या डोळ्यानं पाहू दे आधी. मंग छाप." मला तेव्हा ते घाबरटपण वाटलं. आता वाटतं, त्या अख्ख्या दवाखान्यात शास्त्र जाणणारं माणूस ते एकच होतं. साहेबांना एक क्षणही शंका आली नाही. तिला पाच वर्षं आली.

मग आम्ही रीतसर अर्ज केला: बाबांची काच द्या, मेणाची वडी द्या, दुसरीकडे दाखवतो. अर्जावर अर्ज. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं, जुनी सामग्री नियमानुसार नष्ट करण्यात आली. खोली आवरताना जुन्या वड्यांची खोकी फेकायला दिली होती म्हणे. कुणाला दिली होती? अर्थात मदतनिसाला. मी ते उत्तर आत्याला वाचून दाखवलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मेथीच निवडत राहिली. मी म्हटलं, "तूच फेकलीस?" ती म्हणाली, "सांगितलं ते काम केलं." महिनाभर मी तिच्याशी धड बोलले नाही. ते तीस दिवस मला कुणी परत देणार आहे का?

आत्या गेली त्याच्या दहा दिवसांनी दवाखान्यात श्रद्धांजली सभा झाली. मला बोलावलं, मी गेले. फोटोला हार, उदबत्ती, समोसे. साहेब बोलायला उभे राहिले, आवाज जड करून. कुसुम म्हणजे आमची माँ होती, कुसुम म्हणजे आमची चलती-फिरती किराना दुकान. मग त्यांनी जायफळ सांगितलं, साबुदाणा सांगितला, बाजरी सांगितली. लोक कौतुकानं माना हलवत होते. "मी माझ्या विद्यार्थ्यांना आजही असंच शिकवतो," म्हणाले. तिच्या सगळ्या वाट्या त्यांनी एकेक करून लोकांसमोर मांडल्या. कांदा सोडून. मी मोजत होते. सगळं आठवलं त्या माणसाला, फक्त कांदा आठवला नाही. तेव्हा मला कळलं की त्यालाही तो मंगळवार नीट आठवतो.

सभा संपल्यावर मी सरळ तपासणीखोलीत गेले आणि खिडकीतला डबा उचलला. कुणी अडवलं नाही, मसाल्याच्या डब्याला कोण अडवणार. घरी येऊन ओट्यावर ठेवून उघडला. कांद्याची चकती काळपट झाली होती, पण वेटोळी दिसत होती. हळदीची वाटी उचलली. वाटीखाली डब्याच्या तळाला एक खळगा आहे, तिथे औषधाच्या गोळीच्या चांदीसारख्या कागदात काहीतरी गुंडाळलं होतं. उघडलं. पेढ्याएवढी मेणाची वडी. मधोमध फिकट राखाडी ठिपका, तुरीच्या दाण्याएवढा. कडेला पेन्सिलीनं नंबर, आणि नंबर बाबांच्या रिपोर्टवर आहे तोच.

तिनं फेकलेल्या खोक्यांतून एकच वडी उचलली होती. सत्तावीस वर्षांत तिथून चहाचा कपसुद्धा घरी न आणलेल्या बाईनं. आणि मला सांगितलं नाही, कारण मी तोंडाळ. मी पहिल्या दिवशी पत्रक काढलं असतं, दुसऱ्या दिवशी तिच्यावर चोरीची तक्रार आणि वडी जप्त. तिनं स्वतः जायची वाट पाहिली. चोर मेल्यावर चोरीची तक्रार कुणावर करणार? हे तिचं गणित. पहा, आता करा म्हणावं तक्रार.

डबा आता आमच्या ओट्यावर आहे. आई त्यातली हळद वापरत नाही. बाजूला फुलीचं ताट आहे, त्यात आता मी जेवते. वडी मी उन्हापासून दूर, माठाशेजारी ठेवली आहे. भिलाईचा उन्हाळा आणि मेण, जास्त वाट पाहता येणार नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे आणि ज्यांच्या सहीला किंमत आहे, त्यांना सांगते. भिलाईत, दुर्गात, रायपुरात, नागपुरात, तुम्ही शेकड्यानं आहात. तुमच्यातल्या काहीजणी तर याच डब्यावर शिकून मोठ्या झाल्यात. मला तुमची श्रद्धांजली नको. "कुसुमताई फार प्रेमळ होत्या" असं मला लिहून पाठवू नका. आत्याला वाटत होतं तेच तुम्हाला दिसायला हवं, अशीही अट नाही. पनीर दिसलं तर पनीर लिहा, मी माझं तोंड बंद करीन आणि बाबांचा क्षय मान्य करीन. पण नीट बघा. चहा निवेपर्यंत, आणि त्याहून थोडं जास्त. वडी मी स्वतः घेऊन येते. ती कापा, काचेवर घ्या, डोळा लावा, जे दिसेल ते लिहा आणि खाली तुमचं पूर्ण नाव घालून सही करा.